गुलाबजल घरी काढताना आणि वापरताना: फुले निवडण्यापासून बाटली रिकामी होईपर्यंत

चैत्र लागला की इंदूरच्या मराठी घरांत चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची तयारी सुरू होते, आंब्याची डाळ आणि पन्हे यांचे बेत ठरतात आणि त्याच सुमारास देशी गुलाबही बहरात असल्यामुळे ‘या वर्षी गुलाबजल घरीच करू’ असा विचार निघतो. तो बहुधा एकाच रीतीने फसतो. पाकळ्या पाण्यात उकळल्या जातात, तयार झालेले गुलाबी पाणी गाळून बाटलीत भरले जाते, बाटली आरशापाशी ठेवली जाते आणि चार-सहा दिवसांत तिला आंबूस वास येऊ लागतो. मग दोष फुलांना दिला जातो. वास्तविक तेथे गुलाबजल झालेलेच नसते. झालेला असतो तो पाकळ्यांचा काढा.

गुलाबजल म्हणजे फुलांबरोबर उकळलेल्या पाण्याची वाफ थंड करून पुन्हा मिळवलेले पाणी. ते रंगहीन असते. गुलाबाच्या सुवासातला एक मोठा घटक, फिनाइल इथाइल अल्कोहोल, पाण्यात चांगला विरघळतो, म्हणूनच अशा पाण्याला इतका भरीव सुगंध येतो. काढ्यामध्ये याउलट पाकळ्यांचा रंग, साखर आणि इतर द्रव्ये उतरतात आणि ती जिवाणूंचे आयते खाद्य ठरतात. काढा वाईट नसतो. तो शीतकपाटात ठेवून दोन दिवसांत संपवावा, एवढेच. परंतु वाफेचे पाणी झाले तरी त्यात टिकाऊपणासाठी काहीही घातलेले नसते, हे विसरू नये. घरच्या पुष्पजलाला दुधासारखे नाशवंत मानले, तर पुढच्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

टप्पा १. कोणते फूल घ्यावे आणि कोणते टाळावे

पहिल्यांदा करणाऱ्याने देशी गुलाबच घ्यावा. फुलवाल्याकडे गुच्छासाठी ठेवलेला लांब दांड्याचा, घट्ट कळीचा गुलाब या कामासाठी निरुपयोगी असतो, कारण त्याची निवड रंगासाठी आणि टिकण्यासाठी झालेली असते, सुवासासाठी नव्हे. शिवाय त्यावर कीटकनाशकाची फवारणी झालेली असण्याची शक्यता मोठी असते. हारांसाठी सुटा विकला जाणारा गुलाबी देशी गुलाब चोइथराम मंडईत पहाटे मिळतो. मात्र तोही कोणत्या मळ्यातला आहे आणि शेवटची फवारणी केव्हा झाली, हे विक्रेत्याला विचारल्याशिवाय घेऊ नये. उत्तर मिळाले नाही किंवा गोलमोल मिळाले, तर ती फुले देवाला वाहावीत, चेहऱ्यासाठी वापरू नयेत. घरच्या गच्चीवर पाच-सहा कुंड्या असतील, तर रोजची फुले साठवत बसू नये. शिळ्या पाकळ्यांना गवतासारखा वास येतो आणि तोच पाण्यात उतरतो.

फुले सकाळी, दव सुकल्यावर पण ऊन चढण्यापूर्वी तोडावीत. इंदूरच्या एप्रिलमध्ये नऊनंतर तोडलेल्या फुलाचा सुवास हाताला लागेपर्यंत अर्धा उडून गेलेला असतो.

निर्माल्याचे गुलाबजल करण्याची एक पद्धत अलीकडे काटकसर म्हणून सांगितली जाते. तिच्या वाटेला जाऊ नये, कारण वाहिलेल्या फुलांना कुंकू, गुलाल, तेल, अगरबत्तीची राख असे काय काय लागलेले असते आणि कुंकवातले रंग त्वचेला बाधू शकतात.

इतर फुलांविषयी थोडक्यात सांगायचे, तर मोगरा संध्याकाळनंतर उमलतो, म्हणून त्याच्या कळ्या सायंकाळी घेऊन रात्री उमलू द्याव्यात आणि लगेच वापराव्यात. तरीही उष्णतेने त्याचा नाजूक सुवास बराच बदलतो आणि पाणी अपेक्षेपेक्षा फिके निघते. पारिजातकावर श्रम घालवू नयेत. केवडा आपल्या भागात ताजा मिळत नाही. ओडिशातल्या गंजाम जिल्ह्याच्या केवड्याचे तयार जल विकत घेणेच शहाणपणाचे. आगर-माळवा आणि शाजापूरकडे संत्र्याच्या बागा आहेत आणि बहरात तेथे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. ती फुले उत्तम, पण बाग ओळखीची आणि फवारणी न केलेली असेल तरच. उन्हाळ्यासाठी वाळा मात्र आवर्जून करून पाहावा. सियागंजच्या पन्सारी दुकानांत वाळ्याची मुळे मिळतात. ती दोन-तीन पाण्यांनी धुऊन माती काढावी, कात्रीने बारीक करावीत आणि रात्रभर भिजत घालून सकाळी त्याच पाण्यासह वापरावीत.

*सावधान:* कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, धोतरा आणि रुई यांची फुले चुकूनही भांड्यात जाऊ देऊ नयेत. ही झाडे विषारी आहेत. ज्यांना गाजरगवतामुळे त्वचेचा त्रास होतो त्यांनी झेंडू, शेवंती आणि कॅमोमाइल यांच्या जलांपासूनही दूर राहावे. ही सारी एकाच कुळातली असल्यामुळे एकाची ॲलर्जी दुसऱ्यावर उठू शकते.

टप्पा २. भांडी, पाणी आणि बर्फ

लागणारे साहित्य घरातच असते: आठ लिटरांचे जाड बुडाचे स्टीलचे पातेले, त्यात मावेल अशी सहा-सात सेंटिमीटर उंचीची स्टीलची अडणी, अडणीवर स्थिर राहील असा रुंद तोंडाचा स्टीलचा वाडगा आणि वरून झाकण म्हणून पातेल्याच्या तोंडावर नीट बसणारी गोल बुडाची स्टीलची कढई. अडणी नसेल तर जाड स्टीलची वाटी उपडी घालावी. घुमटाकार झाकण उलटे ठेवण्याची युक्ती बहुतेकांना माहीत असते; तीही चालते, पण झाकणाची मूठ प्लास्टिकची असेल तर ती आधी काढावी लागते आणि उरलेल्या भोकातून बर्फाचे पाणी आत टपकते. मला गोल बुडाची कढईच अधिक भरवशाची वाटते. तिचे बूड बाहेरून घासून लख्ख करावे, कारण सारे गुलाबजल त्याच बुडावरून ओघळून खाली पडणार असते. गॅसची काजळी किंवा जुन्या तेलाचा चिकटा राहिला, तर तो थेट बाटलीत पोहोचतो.

ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये. तांबे-पितळेचे भांडे कल्हई उडालेली असताना वापरू नये. कन्नौजचे कारागीर अत्तरासाठी तांब्याची डेग वापरतात हे खरे, पण त्यांचे भांडे रोजच्या राबत्यातले आणि निगराणीतले असते. फोडणीचे किंवा मसालेभाताचे पातेले कितीही घासले तरी वास सोडत नाही, म्हणून ओल्या पातेल्यात नाक घालून वास घ्यावा. लसणाचा पुसटसा भास झाला तरी दुसरे पातेले काढावे.

पाण्याबाबत एक गैरसमज आहे. बोअरचे पाणी जड असते, म्हणून गुलाबजलही जड होईल असे लोक समजतात. क्षार वाफेबरोबर जात नाहीत. ते पातेल्यातच राहतात आणि बुडाला पांढरा थर धरतात. नळाच्या नर्मदेच्या पाण्यातले क्लोरीन मात्र वाफेबरोबर निघते आणि गुलाबाच्या सुवासात मिसळते. तेव्हा आर. ओ.चे पाणी घ्यावे, नाहीतर नळाचे पाणी उघड्या भांड्यात दहा मिनिटे उकळून, निववून वापरावे.

प्रमाण असे ठेवावे: देठ आणि हिरवा भाग काढलेल्या ताज्या पाकळ्या २५० ग्रॅम आणि पाणी १ लिटर. पाकळ्या वजनाला फार हलक्या असतात. एवढ्या वजनासाठी मध्यम आकाराची शंभर-सव्वाशे फुले सहज लागतात. टोपलीभर दिसणाऱ्या पाकळ्या काट्यावर जेमतेम शंभर ग्रॅम भरल्या, तर पाणीही त्याच हिशेबाने कमी घ्यावे, पाकळ्या आहेत असे समजून लिटरभर ओतू नये. बर्फ किमान तीन किलो हाताशी असावा. घरच्या ट्रेमधले दोन डझन खडे पहिल्या दहा मिनिटांत संपतात आणि मग अर्ध्यावर धावपळ होते.

पाकळ्या नळाखाली धुऊ नयेत. परातीत पसरून किडे, काड्या निवडाव्यात, धूळ असेल तर रोवळीत घालून एकदाच गार पाण्यात बुडवून काढाव्यात आणि पाच मिनिटे निथळू द्याव्यात.

टप्पा ३. फुलांशिवाय कोरी चाचणी

हा टप्पा जवळजवळ सगळेच वगळतात आणि म्हणूनच सव्वाशे फुले वाया जातात. पातेल्यात फक्त अर्धा लिटर पाणी, अडणी आणि वाडगा ठेवावा, वर कढई बसवून तीत थोडा बर्फ घालावा आणि मध्यम आचेवर पंधरा मिनिटे चालू द्यावे. मग गॅस बंद करून, भांडे निवल्यावर कढई उचलून पाहावे.

*तपासणी:* वाडग्यात दोन-तीन चमचे तरी पाणी जमलेले असावे. वाडगा कोरडा असेल, तर कढईच्या बुडाचा सर्वांत खालचा बिंदू वाडग्याच्या मध्यावर येत नाही असे समजावे. वाडगा कढईला टेकला असेल तर अडणी उंच आहे. वाडगा डगमगत असेल तर उकळी फुटल्यावर तो नक्की कलंडेल. कढई आणि पातेल्याच्या कडेतून वाफेचा झोत निघत असेल, तर ती फट कणकेने बुजवावी लागेल; दमाच्या बिर्याणीला लावतात तशीच घट्ट भिजवलेल्या कणकेची वळी कडेभोवती दाबून बसवावी. मात्र भांडे ठोकून, वजन ठेवून हवाबंद करू नये. वाफेला अगदी थोडी वाट राहिलीच पाहिजे.

कुकरच्या शिटीच्या जागी रबरी नळी जोडून गुलाबजल काढण्याचे प्रयोग पाहायला मिळतात. नळीत पाकळी अडकली की कुकरमध्ये दाब वाढत जातो. हा मार्ग स्वयंपाकघरात अवलंबू नये.

टप्पा ४. प्रत्यक्ष कृती

१. पातेल्याच्या मध्यभागी अडणी ठेवून भोवती पाकळ्या पसराव्यात आणि पाणी गारच ओतावे. उकळत्या पाण्यात पाकळ्या टाकल्या, तर झाकण बसेपर्यंतच पहिला आणि सर्वांत सुगंधी भाग घरभर पसरतो. घर छान दरवळते, बाटली मात्र फिकी राहते.

२. वाडगा अडणीवर ठेवावा. पाकळ्या पाण्यावर तरंगून वाडग्याच्या कडेपर्यंत येत नाहीत ना, हे पाहावे. येत असतील तर त्या कमी कराव्यात, दाबून बसवू नयेत.

३. कढई बसवून कणकेची वळी लावावी आणि गॅस मध्यम ठेवावा. पातेल्याची बाजू हाताला गरम लागू लागली आणि आतून खदखद ऐकू येऊ लागली की आच अगदी मंद करून कढईत बर्फ भरावा. बर्फ आधीच घातला तर तो पाणी तापेपर्यंत वितळून जातो.

४. येथून पुढे घाई नको. आतला आवाज संथ असावा. मोठ्या आचेवर वाफ इतक्या जोराने निघते की कढईचे बूड तिला थंड करू शकत नाही, ती फटीतून निसटते, आणि खालच्या पाकळ्या बुडाला चिकटून पाण्याला शिजक्या भाजीचा वास लागतो. बिघडलेल्या गुलाबजलामागे मोठी आच हे कारण सर्वाधिक वेळा सापडते.

५. कढईतला बर्फ वितळून पाणी कोमट झाले की ते ओगराळ्याने किंवा जाड फडक्याने टिपून काढावे आणि नवा बर्फ घालावा. कढई उचलून पाणी ओतण्याचा मोह टाळावा. एकदा झाकण उघडले की आतली सुगंधी वाफ गेली, शिवाय हात भाजण्याची भीती असतेच.

६. कोठे थांबावे, हा या कृतीतला खरा कसोटीचा भाग आहे. सुवास सुरुवातीच्या पाण्यात सर्वाधिक असतो आणि नंतर उतरत जातो. म्हणून जितक्या वजनाच्या पाकळ्या, साधारण तितकेच पाणी गोळा करावे. २५० ग्रॅम पाकळ्यांमागे २०० ते २५० मिलिलिटर. मंद आचेवर याला तासभर लागतो. ‘आणखी थोडे निघतेय तर निघू दे’ म्हणून पातेले आटेपर्यंत चालवले, तर शेवटचा बेचव भाग पहिल्या उत्तम भागात मिसळून सगळेच पातळ होते. पहिल्या वेळी वाडगा किती भरला हे दिसत नसल्यामुळे पन्नास मिनिटांनी थांबणे बरे.

७. गॅस बंद करून अर्धा तास भांड्याला हात लावू नये. मग कणीक सोडवावी, कढईतले पाणी पूर्ण टिपून घ्यावे आणि कढई सरळ वर उचलावी, तिरकी करू नये. नाहीतर बर्फाचे साधे पाणी वाडग्यात पडते.

*तपासणी:* वाडग्यातले पाणी रंगहीन असावे. गुलाबी झाक दिसली तर उकळीचा शिंतोडा आत उडाला आहे. ते पाणी वेगळे ठेवून दोन दिवसांत स्नानाला वापरावे. पृष्ठभागावर तेलाचे अगदी बारीक ठिपके दिसले तर ते काढून टाकू नयेत. ताज्या पाण्याला थोडा कच्चा, शिजल्यासारखा वास येतो, त्याने निराश होऊ नये. शीतकपाटात काही दिवस राहिल्यावर तो निवळतो आणि गुलाब पुढे येतो.

पातेल्यात उरलेले तांबूस पाणी म्हणजेच आरंभी सांगितलेला काढा. तो त्याच दिवशी स्नानाच्या बादलीत घालावा. गाळून गुलाबजलात मिसळू नये.

टप्पा ५. बाटलीत भरणे आणि टिकवणे

गडद तपकिरी काचेच्या १०० मिलिलिटरच्या बाटल्या घ्याव्यात. एक मोठी बाटली घेतली तर ती दिवसातून दहा वेळा उघडली जाते. बाटल्या आणि स्टीलची नरसाळी दहा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवून, उपड्या घालून पूर्ण कोरड्या कराव्यात. फवाऱ्याचा प्लास्टिक पंप उकळता येत नाही, तेव्हा तो गरम पाण्याने धुऊन सर्जिकल स्पिरिटने आतून-बाहेरून खळखळावा आणि वाळू द्यावा. फडक्याने पुसू नये. ओलसर बाटलीत एक थेंब नळाचे पाणी राहिले, तरी पुढची सारी मेहनत त्या थेंबाच्या हवाली होते.

पाणी फडक्यातून गाळू नये. पाकळी पडली असेल तर उकळलेल्या चमच्याने काढावी. बाटलीवर फुलाचे नाव आणि तारीख लिहावी. शीतकपाटात ठेवून तीन ते चार आठवड्यांत संपवावे. त्यात तळाशी धागे किंवा कापसासारखे पुंजके तरंगताना दिसले, पाणी गढुळले किंवा वासात आंबटपणा आला, तर ते पुन्हा उकळून वाचवता येत नाही. कुंडीत ओतावे.

कापसाचा बोळा बाटलीच्या तोंडाला लावून उलटी करणे, बोटाने थेंब काढणे, रिकाम्या होत आलेल्या बाटलीत नवे पाणी ओतणे या तीन सवयींनी चांगले गुलाबजल आठवड्यात नासते. ‘टिकावे म्हणून’ तुरटी, ग्लिसरीन किंवा लिंबाचा रस घालण्याचे सल्लेही ऐकू नयेत. थोड्याशा ग्लिसरीनने पाणी टिकत नाही, आणि लिंबामुळे उन्हात त्वचा भाजून काळे डाग उठू शकतात.

टप्पा ६. विकतचे घेत असाल तर

शंभर-सव्वाशे फुले जमवणे प्रत्येकाला शक्य नसते आणि विकतचे चांगले गुलाबजल घेण्यात काही कमीपणा नाही. बाटलीच्या पुढच्या चित्राकडे न पाहता मागची घटकद्रव्यांची यादी वाचावी. यादीत पाणी, मग ‘फ्रॅग्रन्स’ किंवा ‘परफ्यूम’ आणि रंग असा क्रम असेल, तर ते सुगंध मिसळलेले पाणी आहे. गुलाबाचे ऊर्ध्वपातित जल, म्हणजे वाफ थंड करून मिळवलेले पाणी, असा स्पष्ट उल्लेख असावा. सोबत सोडियम बेन्झोएट किंवा पोटॅशियम सॉर्बेट यांसारखे परिरक्षक लिहिलेले असेल तर दचकू नये. बाहेर महिनोन्‌महिने टिकणाऱ्या पाण्यात ते असणे नसण्यापेक्षा बरे. श्रीखंड, सरबत, फिरनी यांत घालायचे असेल तर खाद्यपदार्थ म्हणून विकले जाणारे, एफएसएसएआयचा परवाना क्रमांक असलेलेच घ्यावे. सौंदर्यप्रसाधनाची बाटली स्वयंपाकघरात आणू नये.

सुगंधी तेलाचे चार थेंब पाण्यात टाकून हलवले की पुष्पजल झाले, असेही होत नाही. तेल पाण्यात विरघळत नाही, ते वर तरंगते आणि फवाऱ्यातून निर्भेळ तेल गालावर आले तर आग होते.

टप्पा ७. त्वचेवर पहिला वापर

चेहऱ्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, तीन दिवस लावून पाहावे. खाज, लाली किंवा पुरळ दिसले तर ते जल आपल्यासाठी नव्हे. फुलाचे आहे म्हणून ते निरुपद्रवी असेल असे नाही. सुगंधी द्रव्ये ही त्वचेच्या ॲलर्जीच्या नेहमीच्या कारणांपैकी आहेत.

चेहऱ्यावर लावण्याचा क्रम बहुतेकजण उलटा करतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हवा इतकी कोरडी असते की दुपारी बाहेरून आल्यावर गुलाबजल फवारले की गार वाटते, पण पाणी उडताना त्वचेतला ओलावाही कमी होतो आणि दहा मिनिटांनी चेहरा पूर्वीपेक्षा अधिक ओढल्यासारखा होतो. म्हणून आधी चेहरा सौम्य साबणाने किंवा नुसत्या पाण्याने धुवावा, टॉवेलने हलकेच टिपावा, ओलसर असतानाच एक-दोन फवारे मारावेत आणि मिनिटभरात, ते सुकण्यापूर्वी, नेहमीचे मॉइश्चरायझर लावावे. बाहेर जायचे असेल तर सनस्क्रीन त्यावरून. गुलाबजल उन्हापासून संरक्षण देत नाही, वांग घालवत नाही आणि मुरुमांवरचा इलाज नाही. ते गारवा, हलका ओलावा आणि सुवास देते. एवढ्यासाठी ते वापरावे आणि बाकीच्यासाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे.

मुलतानी मातीचा लेप गुलाबजलात कालवत असाल, तर तो भेगा पडेपर्यंत वाळू देऊ नये. कडा फिकट दिसू लागल्या की, साधारण आठ-दहा मिनिटांत, धुऊन टाकावा. कोरड्या त्वचेला मातीऐवजी बेसन, साय आणि गुलाबजल बरे. लेप तेवढ्यापुरताच कालवावा. उरलेला वाटीत झाकून दुसऱ्या दिवशी लावू नये.

रंगपंचमीला राजवाड्यावरच्या गेरमधून, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीतून, परतल्यावर रंगाने माखलेला चेहरा कापसाने आणि गुलाबजलाने खसाखसा पुसला जातो. त्याने रंग निघत नाही, त्वचा मात्र सोलवटते. आधी खोबरेल तेल चोळून पाच मिनिटे ठेवावे, मऊ फडक्याने टिपावे, मग सौम्य साबण आणि भरपूर पाणी वापरावे. गुलाबजल या सगळ्यानंतर, तेही आग होत नसेल तरच.

*सावधान:* डोळ्यांत गुलाबजलाचे थेंब घालण्याची सवय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि ती थांबवायलाच हवी. घरचे किंवा सौंदर्यप्रसाधन म्हणून विकलेले गुलाबजल निर्जंतुक नसते आणि डोळ्यातला जंतुसंसर्ग दृष्टीवर बेतू शकतो. मिटलेल्या पापण्यांवर, पिळून घेतलेली गार घडी पाच-सात मिनिटे ठेवणे एवढेच करावे, कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढून. जखम, भाजलेली जागा, चिघळलेला गजकर्ण किंवा इसब यांवर, तसेच तान्ह्या मुलांच्या अंगावर, पुष्पजल लावू नये.

टप्पा ८. घरातले इतर उपयोग

वाळ्याचे जल अंथरुणावर आणि पडद्यांवर फवारायला उत्तम. पांढऱ्या कापडावर आधी कोपऱ्यात लावून डाग पडत नाही ना ते पाहावे. कूलरच्या टाकीत पुष्पजल ओतू नये, कारण त्या साचलेल्या पाण्यात ते वाया जाते आणि शेवाळाला मदतच होते. वाळ्याचा ताटा लावणे तेथे अधिक कामाचे. नेब्युलायझरमध्ये किंवा वाफाऱ्याच्या यंत्रात कोणतेही पुष्पजल घालू नये. घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्याच्या खोलीत फवारणी टाळावी.

उरली गुलाबदाणी. हळदीकुंकवाला बाहेर काढलेली चांदीची गुलाबदाणी वर्षभर कपाटात असते आणि तिच्या लांब मानेत गेल्या खेपेचे थेंब वाळून पिवळट थर धरलेला असतो. वरचा जाळीचा भाग पिळून सोडवावा, मान आणि पोट गरम पाण्यात थोडा सौम्य साबण घालून खळखळून धुवावे, जाळीची छिद्रे बारीक सुईने मोकळी करावीत आणि उन्हात नव्हे, सावलीत उपडी ठेवून वाळवावी. गुलाबजल पाहुण्या येण्याच्या वेळीच भरावे, तेही निम्मे. शेवटची सवाष्ण गेल्यावर उरलेले पाणी बाटलीत परत ओतू नये, गुलाबदाणी रिकामी करून, धुऊन, पूर्ण कोरडी झाल्यावरच कपाटात ठेवावी.